दाढेत सिमेंट कोणी भरावे?

विदर्भाच्या ग्रामीण भागात दाढ दुखू लागली की तिचा शेवट बहुधा ती काढून टाकण्यातच होतो. त्यातल्या पुष्कळ दाढा वाचण्यासारख्या असतात, पण त्या वाचवण्यासाठी दवाखान्याच्या ज्या तीन-चार खेपा घालाव्या लागतात त्या रुग्णाला परवडत नाहीत. कापसाची वेचणी किंवा धानाची रोवणी चालू असताना तालुक्याला जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, आणि दंतवैद्य नेमके त्या दिवशी शिबिराला किंवा बैठकीला गेलेले असले तर हात हलवत परत यावे लागते. मग लवंगेचे तेल, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी आणि दुखऱ्या बाजूने न चावणे एवढ्यावर महिनोन्महिने निभावले जाते. शेवटी रुग्ण खुर्चीत बसतो तेव्हा कीड मुळापर्यंत पोहोचलेली असते, आणि 'काढूनच टाका, पुन्हा यायचे काम नको' अशी विनंती तोच करतो.

कीड लहान असतानाच कोणीतरी ती खरवडून त्यात सिमेंट भरले असते, तर हा सगळा प्रवास टळला असता. हे 'कोणीतरी' कोण असावे, हा प्रश्न सध्या दंतवैद्यकीय शिक्षणाच्या संदर्भात विचारला जातो आहे. डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांना दात साफ करण्यापलीकडे जाऊन दात भरण्याची, त्यातही कंपोझिटसारख्या (दाताच्या रंगाच्या, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या) प्रगत साहित्याने भरण्याची कौशल्ये शिकवावीत का? माझे उत्तर 'शिकवावीत' असे आहे. मात्र काय शिकवायचे, कुठे शिकवायचे आणि त्याआधी कायद्यात काय बदलायचे, याविषयी ज्या घाईने बोलले जाते ती मला मान्य नाही.

आधी कायद्याचे पाहू. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या व कृत्रिम दात बनवणारा) अशा तीन वर्गांच्या नोंदणीची सोय केली. त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हायजिनिस्टचे काम दात खरवडणे, स्वच्छ करणे, त्यांना झिलई देणे आणि तोंडाच्या स्वच्छतेविषयी सूचना देणे एवढेच आहे. दातात भोक पाडणे किंवा ते भरणे हे त्या व्याख्येत कुठेही बसत नाही. ते दंतवैद्यकात मोडते आणि त्याचा अधिकार नोंदणीकृत दंतवैद्याला आहे. या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. जुनी चौकट मोडून नवी उभी राहत असताना हायजिनिस्टच्या कामाची कक्षा नव्याने आखण्याची ही संधी आहे, आणि ती आत्ताच घेतली पाहिजे. कारण जे काम कायद्याने करता येणार नाही ते एखाद्या मुलीला दोन वर्षे फी घेऊन शिकवणे ही तिची फसवणूक आहे. आजही हायजिनिस्टची पदविका घेतलेल्या कित्येक मुलामुलींना नागपुरातल्या खासगी दवाखान्यात साहित्य उकळणे, अपॉइंटमेंटची वही सांभाळणे आणि डॉक्टरांच्या हाती उपकरणे देणे एवढेच काम मिळते. त्यांच्या प्रमाणपत्रावर आणखी चार विषय चढवून त्यांना पुन्हा त्याच स्टुलावर बसवायचे असेल, तर हा खटाटोप न केलेलाच बरा.

गावपातळीवरच्या माणसाला उपचाराचे मर्यादित कौशल्य देण्याला विरोध होतो तेव्हा विदर्भाने स्वतःच्याच अनुभवाकडे पाहावे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचे वजन करणे, श्वास अडकलेल्या बाळाला सावरणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. इंजेक्शन आणि तेही नवजात बाळाला, शिवाय ते देणारी बाई डॉक्टर तर सोडाच, परिचारिकाही नाही, हे ऐकून तेव्हा वैद्यकीय क्षेत्रातल्या अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील तर त्यात नवल नाही. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यानुसार त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवला गेला.

या उदाहरणाचा आधार घेताना त्यातला एक फरक मात्र नजरेआड करता येत नाही. त्या बाळांना उपचार मिळाला नसता तर ती दगावली असती. म्हणून कमी शिकलेल्या हाताकडून उपचार घेण्याचा धोका पत्करणे योग्य होते. किडलेल्या दाढेने सहसा कोणी मरत नाही. दंतवैद्य येईपर्यंत महिनाभर थांबले तर रुग्णाचे हाल होतील, पण जीव जाणार नाही. तेव्हा हायजिनिस्टच्या बाबतीत चूक खपवून घेण्याची आपली तयारी आरोग्यदूतांपेक्षा कमीच असायला हवी. 'नाही मामापेक्षा काणा मामा बरा' हा युक्तिवाद दाताच्या बाबतीत चालत नाही, कारण वाईट भरलेली दाढ अनेकदा न भरलेल्या दाढेपेक्षा लवकर जाते. सिमेंटखाली कीड राहिली तर ती आतल्या आत वाढत जाते आणि वरून सगळे ठीक दिसते. दोन दातांच्या मध्ये सिमेंटचा कोपरा बाहेर राहिला तर तिथे अन्न अडकते, हिरडी सुजते, आणि एका दाताच्या उपचारापायी शेजारचाही दात हलू लागतो. गडचिरोलीचा प्रयोग यशस्वी झाला तो दूतांना मोजकीच कामे दिल्याने, लक्षणांची यादी लेखी असल्याने आणि प्रत्येक बाळाची नोंद वरच्या माणसाने तपासल्याने. आपण घ्यायचा तो हा भाग आहे.

परदेशांतला अनुभवही याच दिशेने जातो. न्यूझीलंडमध्ये १९२१ पासून शाळांसाठी डेंटल नर्स तयार केल्या गेल्या, आणि मुलांचे दात भरणे व काढणे ही कामे त्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या. मलेशियाने १९४९ मध्ये पेनांगला तसेच प्रशिक्षण केंद्र काढले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हायजिनिस्टला दात भरण्याची मुभा आहे, पण तिथे पोकळी कोरण्याचे काम दंतवैद्य करतो आणि ती भरून, आकार देऊन, घासून पुरी करण्याचे काम हायजिनिस्ट करतो. अलास्कात रस्ता न पोहोचलेल्या वस्त्यांसाठी २००३ साली पहिले विद्यार्थी थेट न्यूझीलंडला हेच काम शिकायला पाठवले गेले. पुढे तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, आणि तरीही तो कार्यक्रम टिकला. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो ही पावसाळ्यातली नेहमीची बातमी वाचणाऱ्याला अलास्काची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता शिकवायचे काय, याकडे वळतो. 'प्रगत' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे डोळ्यांपुढे दातासारख्याच रंगाचे कंपोझिट, निळ्या प्रकाशाचे यंत्र आणि चकचकीत हास्याचे फ्लेक्स उभे राहतात. मेळघाटातल्या धारणीच्या किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या दृष्टीने प्रगत तंत्र ते, जे वीज गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, पाण्याचा टाका रिकामा असला तरी नीट पार पडते आणि पाच वर्षे टिकते. अशी तंत्रे आहेत. १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झालेली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने उचलून धरलेली 'एआरटी' (अट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट, म्हणजे कमीत कमी इजा करून दात भरणे) पद्धत ही त्यांतली मुख्य. तिच्यात ड्रिल लागत नाही. हातातल्या धारदार चमच्यासारख्या उपकरणाने मऊ झालेली कीड खरवडून काढायची आणि ग्लास आयनोमर सिमेंटने पोकळी बंद करायची, एवढीच तिची रीत आहे. बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही, त्यामुळे मुलेही घाबरत नाहीत.

ऐकायला हे सोपे वाटते, करताना तसे नसते. कापसाच्या गुंडाळ्या गालात आणि जिभेखाली ठेवून दाढ कोरडी राखावी लागते. किडलेला भाग काढताना कडांचा स्तर पूर्ण स्वच्छ करायचा, पण तळाशी दाताच्या आतल्या मज्जेजवळ पोहोचत असू तिथे थोडा मऊ थर मुद्दाम ठेवायचा, हा निर्णय हाताच्या स्पर्शावरून घ्यावा लागतो. मग सौम्य आम्लाने दहा-पंधरा सेकंद पृष्ठभाग पुसून, धुऊन, टिपून घ्यायचा. अगदी ठणठणीत वाळवायचा नाही. भुकटी आणि द्रव कागदी पॅडवर साधारण अर्ध्या मिनिटात एकजीव करायचे. मिश्रणावर ओलसर चमक असेपर्यंतच ते दाताला धरते. चमक गेली की ते फेकून नवे करायचे, कितीही महाग असले तरी. ते पोकळीत आणि आसपासच्या खाचांत भरून, हातमोज्याच्या बोटाला व्हॅसलीन लावून त्यावर दाब द्यायचा, जास्तीचे काढायचे, चावा तपासायचा आणि रुग्णाला तासभर काही खाऊ नका असे बजावायचे. यातली प्रत्येक पायरी शिकवण्यासारखी आणि तपासण्यासारखी आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात तर आणखी एक गोष्ट शिकवावी लागेल, जी थंड देशांतल्या पुस्तकांत सहसा ठळकपणे येत नाही: उन्हाळ्यात हे सिमेंट इतक्या झपाट्याने घट्ट होते की नेहमीच्या वेगाने काम करणाऱ्याच्या हाती खडीच उरते. त्यासाठी मिसळायला कागदी पॅडऐवजी थंड केलेली काच वापरायची, एका वेळी थोडेच मिसळायचे आणि शक्यतो सकाळची वेळ धरायची.

एआरटीच्या जोडीला सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध शिकवावे. ब्रशने थेंबभर लावले की कीड तिथेच थांबण्याची चांगली शक्यता असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आणि ग्लास आयनोमर ही दोन्ही आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्याने कीड काळी पडते, ही गोष्ट आईवडिलांना आधी दाखवून त्यांची संमती घेणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे. नाहीतर आश्रमशाळेतल्या दहा मुलांचे पुढचे दात काळे होऊन गावात बोभाटा होईल आणि त्या हायजिनिस्टला पुन्हा कोणी दारात उभे करणार नाही.

कंपोझिटचे काय? तेही शिकवावे, पण वॉशिंग्टनच्या रीतीने, म्हणजे ग्रामीण रुग्णालयात, दंतवैद्याने पोकळी कोरून दिल्यावर. कंपोझिट लाळेचा थेंबही सहन करत नाही, दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनीच घट्ट करावे लागते, आणि प्रकाश देणारे यंत्र जुने होऊन मंदावले असेल तर वरचा थर कडक आणि आतला कच्चा राहतो, जे बाहेरून कळतही नाही. हे सगळे सवडीने, एकेक थर लावत करणारा माणूस हवा. तालुक्याच्या दंतवैद्याला तेवढी सवड नसते. तो एका रुग्णाची दाढ कोरून दुसऱ्याकडे वळू शकला, तर त्याच सकाळी कितीतरी जास्त रुग्णांना 'काढायची नाही, भरायची' असे सांगता येईल. शिवाय हायजिनिस्टकडे या कामासाठी एक पूर्वतयारी असते जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. हिरडीच्या कडेला उपकरण फिरवून सिमेंटचे बाहेर आलेले टोक हुडकणे हे तिचे रोजचे काम आहे. दुसऱ्याने वाईट भरलेल्या दातांभोवतीची सूज वर्षभर पाहिलेली मुलगी भरणी दोन दातांच्या मध्ये बाहेर येऊ नये म्हणून लावायची पट्टी आणि पाचर नीट बसवल्याशिवाय दोन दातांमधली पोकळी भरायला सहसा धजणार नाही.

विदर्भात शिकवायचे असेल तर इथल्या तोंडांची तऱ्हाही अभ्यासक्रमात आली पाहिजे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे, आणि तिथे लहानपणापासून ते पाणी प्यालेल्यांच्या दातांवर पांढरे, पिवळे ते तपकिरी डाग दिसतात. अशा दाताच्या वरच्या थरावर आम्लाचा परिणाम कमी होतो, त्यामुळे नेहमीच्या वेळेत तयार केलेल्या पृष्ठभागाला कंपोझिट पक्के चिकटत नाही. दुसरी गोष्ट खर्ऱ्याची. राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात २०१६-१७ साली महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देणे थांबलेले नाही; आणि पुष्कळ बायका दातांना नस, म्हणजे तंबाखूची भुकटी, घासतात. घासण्याने हिरडीजवळ दात झिजून खाचा पडतात, ज्या ग्लास आयनोमरने भरणे हायजिनिस्टसाठी पहिला धडा म्हणून अगदी योग्य आहे. सुपारीमुळे गालाच्या आतला भाग ताठर होत जातो आणि तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही. अशा रुग्णाच्या मागच्या दाढेपर्यंत ड्रिलचे डोके पोहोचत नाही, लहान हत्यारच जाते. तोंड कमी उघडणारा रुग्ण दाढेची तक्रार घेऊन आला तर आधी गालाची आणि जिभेची तपासणी, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर भरणी बाजूला ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याला चिठ्ठी, हा नियम तिच्या हाडीमाशी खिळला पाहिजे. माझ्या मते सबंध प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

म्हणूनच हे शिक्षण महाविद्यालयाच्या वातानुकूलित विभागात पुरे होणार नाही. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचे महाविद्यालय इथे प्लास्टिकच्या आणि मग काढलेल्या दातांवर हात बसवावा, ते आवश्यकच आहे. पण शेवटचे सहा महिने तरी विद्यार्थ्याने ग्रामीण रुग्णालयात आणि आश्रमशाळांच्या तपासणीत घालवावेत, तिथल्या दंतवैद्याच्या नजरेखाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत मुले तपासतात आणि त्यांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. पण दात किडलेला सापडला की 'पुढे पाठवले' असा शेरा लिहिण्यापलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नसते, आणि बाप शेतावर, आई मजुरीवर असताना मुलाला तालुक्याला नेणार कोण? पथकासोबत एआरटीची पेटी घेतलेली हायजिनिस्ट असेल तर त्या शेऱ्याच्या जागी वर्गाच्या व्हरांड्यातच दात भरला जाईल.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो बेकार दंतवैद्यांचा. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. दरवर्षी हजारो बीडीएस पदवीधर दंतवैद्य बाहेर पडतात. त्यांतल्या कित्येकांना शहरात महिना काढण्यापुरताही पगार मिळत नाही. मग त्यांना गावात नेमायचे सोडून हायजिनिस्टला त्यांचे काम का शिकवायचे? हा आक्षेप घेणाऱ्या तरुण डॉक्टरांचा राग मला समजतो, आणि त्यातला अर्धा भाग मला पटतो. दंतवैद्याचे पद असलेल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ते नियमित नेमणुकीने भरले जावे, आणि जिथे पद नाही तिथे ते निर्माण व्हावे, ही मागणी हायजिनिस्टच्या प्रशिक्षणाच्या आधीची आहे. कारण देखरेख करणारा दंतवैद्यच नसेल तर मी वर लिहिलेले सगळे कोसळते. पण साधारण तीस हजार, आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक अशा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर पाच वर्षे शिकलेला दंतवैद्य, त्याची खुर्ची, कॉम्प्रेसर आणि एक्स-रे यंत्र बसवण्याइतका पैसा सरकार दातांवर खर्च करील, असे मानायला कोणताही आधार दिसत नाही. तेव्हा तालुक्याला दंतवैद्य आणि त्याच्या हाताखाली तीन-चार केंद्रांवर फिरणाऱ्या हायजिनिस्ट अशी रचना झाली, तर दंतवैद्याचे काम कमी न होता वाढेल. ज्या दाढा आज त्याच्यापर्यंत येतच नाहीत त्या उद्या चिठ्ठी घेऊन येतील.

दुसरा आक्षेप बोगस डॉक्टरांचा. आठवडी बाजारात सतरंजी टाकून दात बसवणारे आजही काही ठिकाणी दिसतात. त्यांच्यात आता पदविकाधारकांची भर पडेल, अशी भीती घातली जाते. ती निराधार नाही. हायजिनिस्टला स्वतंत्र दवाखाना थाटता येणार नाही, ती शासकीय किंवा नोंदणीकृत दंतवैद्याच्या देखरेखीतच दात भरील, कोणत्या पोकळीला हात लावायचा नाही याची यादी कायद्याखालच्या नियमांतच छापलेली असेल, एवढे केले तर ही भीती बऱ्याच अंशी आवाक्यात येते. रात्री आपोआप ठणकणारी दाढ, सूज किंवा पू, हलणारा दात, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा आणि रक्तस्राव होईल असे काम लागणारा रुग्ण हे सगळे तिने दंतवैद्याकडेच पाठवावेत.

हे सुरू करायचे ठरले तर सगळ्या राज्यात एकदम करू नये. मेळघाट, गडचिरोली आणि यवतमाळचा फ्लोराइडग्रस्त पट्टा अशा तीन ठिकाणी पहिल्या तुकड्या नेमाव्यात. हायजिनिस्टने भरलेल्या प्रत्येक दाताची नोंद ठेवावी: कोणता दात, दाताचे किती पृष्ठभाग (बाजू), कोणते साहित्य, कोणत्या महिन्यात. एका पृष्ठभागावरची एआरटी भरणी चांगली टिकते, तर दुधाच्या दाढांतली दोन पृष्ठभागांची बऱ्याचदा सुटून येते, हे जगभर दिसले आहे. आपल्याकडे उन्हाळा, खर्रा आणि फ्लोराइड यांच्यासमोर काय होते ते आपल्यालाच मोजावे लागेल. वर्षाने आणि पुन्हा तीन वर्षांनी ते दात तपासण्याचे काम त्या हायजिनिस्टला शिकवणाऱ्या महाविद्यालयाकडे देऊ नये, बाहेरच्या दंतवैद्यांकडे द्यावे, आणि निकाल चांगले असोत वा वाईट, ते मराठीत छापून ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचवावेत. दोन पृष्ठभागांच्या भरण्या हायजिनिस्टच्या कक्षेत ठेवायच्या की काढून घ्यायच्या, आणि ड्रिल कधी तिच्या हाती द्यायचे, हे त्या आकड्यांवरून ठरवावे.